माझ्या ११ वर्षांच्या लॅब्राडोरला उठता-बसता त्रास होतो. बाबा म्हणतात, त्यांची गुडघेदुखीची गोळी अर्धी करून देऊ. चालेल का? आणि कोणतं तेल चोळावं?

नाही. अर्धी नाही आणि पावही नाही. बाबांची गोळी बाबांच्याच डब्यात राहू द्या.

ही ‘अर्धी’ माझ्या घरात होऊन गेली आहे. आमचा बंड्या तेव्हा साडेदहा वर्षांचा होता, वजन ३८ किलो. नाशिकच्या थंडीत सकाळी उठताना त्याचे मागचे पाय फरशीवर फाकायचे. दहा-बारा पावलं टाकली की मोकळा व्हायचा. मी तीन दिवस माहेरी गेले होते आणि मोठे भाऊजी घरी आले होते. त्यांना त्याची दया आली. स्वतःची डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची गोळी त्यांनी अर्धी केली आणि पेढ्यात घालून दिली. दुपारी बंड्या जिना चढला, तर त्यांनी मला कौतुकानं फोन केला. मग संध्याकाळी अर्धी, दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनदा.

मी आले तेव्हा तो पाण्याच्या भांड्याशेजारी पडला होता. ओकाऱ्या काढत होता, शी डांबरासारखी काळी आणि चिकट. मला वाटलं माती खाल्ली असेल, आणि मी एक अख्खी रात्र घालवली. ती रात्र मला अजून टोचते. तशी शी म्हणजे पोटात रक्तस्राव, हे मला सकाळी डॉक्टरांकडून कळलं. मूत्रपिंडावरही ताण आला होता. चार दिवस सलाइन लावलं. वाचला.

भाऊजी आजही म्हणतात, “एवढ्याशा गोळीनं काय होतंय, त्याचं वय झालं होतं.” भाऊजी, वय अचानक तीन दिवसांत होत नाही. आणि ‘माणसाला चालतं ते जनावराला चालतं’ हेही खरं नाही. हेच डायक्लोफिनॅक टोचलेली गुरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि मूत्रपिंडं निकामी होऊन ती गिधाडं लाखोंनी मेली. म्हणून २००६ मध्ये आपल्या सरकारनं ते जनावरांसाठी बंद केलं. आयब्युप्रोफेनही कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला तसंच घातक आहे.

कुत्र्यांसाठी मेलॉक्सिकॅम आणि कार्प्रोफेन आहेत. तीही त्याच जातीची औषधं आहेत, म्हणून आधी रक्त तपासून, वजनावर मात्रा ठरवून, खाण्याबरोबरच द्यायची. बाबांनी गोळी आधीच दिली असेल तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. ती पोटात असताना वरून दुसरी वेदनाशामक किंवा स्टेरॉइड पडलं तर आतडं फाटेपर्यंत वेळ येऊ शकते.

बंड्याला खरा आराम पडला तो वजन उतरल्यावर. यावरून सासूबाईंशी माझं वर्षभर वाजलं. “म्हाताऱ्या जिवाचं खाणं तोडू नये,” असं त्यांचं म्हणणं, आणि दिवसाला सात-आठ बिस्किटं त्यांच्याच हातची. अमेरिकेत ४८ लॅब्राडोरांच्या, भावंडांच्या २४ जोड्या लावून त्यांचं आयुष्यभर निरीक्षण केलं होतं, २००२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणारे मध्यमानानं १३ वर्षं जगले, दुसरे ११.२ वर्षं. सांध्यांच्या औषधाची गरजही कमी खाणाऱ्यांना उशिरा पडली. मी बिस्किटं बंद केली, पोळी अर्ध्यावर आणली आणि पोट भरायला उकडलेला दुधी दिला. सात महिन्यांत तो ३१ किलोवर आला. डॉक्टरांनी त्याची सांध्यांची गोळीही कमी केली.

फरशी गुळगुळीत असेल तर तो उठतो त्या जागेपासून भांड्यापर्यंत सतरंजी किंवा रबरी चटई टाका. पंजामधले केस आणि नखं कापा. एकदम तासभर फिरवू नका, पंधरा-पंधरा मिनिटं तीनदा फिरवा. जिन्यावर पोटाखालून जुनी सुती ओढणी घालून मागचा भाग उचलून धरायचा. रात्री जाड गादी, जमिनीचा गारवा लागू द्यायचा नाही.

तेलाचं विचारलंत. कोणतंही चोळलं तरी तो चाटणार. गंधपुरा किंवा कापूर असलेलं तेल आणि बाम तर लावूच नका, ते पोटात गेलं की विषबाधा होते. गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलनं दहा मिनिटं शेक द्या. आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा.

एक गोष्ट खरं तर वर लिहायला हवी होती. सगळी पायदुखी संधिवात नसते. शेजारच्या चार वर्षांच्या कुत्रीला सहा महिने ‘संधिवात’ म्हणून गोळ्या चालल्या, निघाला गोचीड ताप. सांधे त्यातही दुखतात आणि सुजतात, पण त्यावर अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स लागतो. आपल्याकडे गोचीड कुठे नाही! तुमच्या कुत्र्याच्या खुब्याचा एक्स-रे आणि रक्त तपासून झालंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झालं नसेल तर आधी ते करून घ्या, आणि तोवर बाबांना सांगा, डबा वरच्या फडताळात ठेवा.