ताई, सही करू नका, आधी वारस नोंद करा

ताई, तुमचे मालक, म्हणजे यजमान, गेल्यावर त्यांनी स्वतः घेतलेली पाच एकर कोरडवाहू विकावी, दिराला मक्त्यानं (ठरलेल्या खंडावर) द्यावी की आपणच वाहावी, असं तुम्ही विचारलंय. दीर एका कागदावर सही मागतो म्हणता. ती मुळीच करू नका. बहुतेक ते हक्कसोडपत्र असेल, आणि दुय्यम निबंधकाकडे एकदा नोंदलं की परत फिरवणं महाकठीण.

मालकांनी मृत्युपत्र केलं नसेल तर तुम्ही, मुलगा, मुलगी आणि सासूबाई हयात असतील तर त्या, असे सारख्या वाट्याचे वारस. दीर त्यात येत नाही. मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. मुलं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली आहेत, त्यामुळे सातबाऱ्यावर त्यांच्यासाठी 'अपाक' (अज्ञान पालनकर्ता) म्हणून तुमचं नाव लागेल. त्यांचा वाटा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, म्हणून विकण्याची घाई कोणी करत असेल तर त्याला हेच सांगा. गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज, पीकविमा, पीएम किसान, सगळं या नोंदीवर अडतं.

मालकांच्या कर्जाची भीती वाटतेय, ते समजतं मला. पण वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. सावकार दारात येऊन बसत असेल तर परवाना दाखव म्हणा. नसेल तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे लेखी तक्रार करा.

माझं मत विचाराल तर शेती स्वतः करा, पण पाचही एकरांत पऱ्हाटी नको. कापसाच्या वेचणीची मजुरी किलोवर मोजावी लागते, बोंडअळी आली की फवारण्या वाढतात आणि उधारी तिथंच चढते. दीड-दोन एकर कापूस, बाकी सोयाबीनमध्ये तूर. पाऊस बरा झाला तर सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास हाती येतो, तूर त्यानंतर. कापसाचे भाव पडले त्या वर्षी आमचं घर तुरीनंच चालवलं. भाव चांगला दिसला तरी फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावर तेच कापसाचं पीक पुढं राखणं, ठेवू नका, पुढच्या हंगामाची अळी त्यातच पोसते.

फवारणीला गडी लावाल तेव्हा मास्क, हातमोजे तुम्हीच आणून द्या. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं माणसं गेली, ती घरं अजून सावरलेली नाहीत.

बियाण्याचं नंतर बघू. या आठवड्यात तलाठ्याकडे जा, आणि सोसायटीचे सचिव थकबाकी किती सांगतात ते कळवा, म्हणजे नव्या कर्जाचं बोलता येईल.