खांब कुठे पळून जात नाही

पोरी,

तुझा मेसेज तीनदा वाचला. सीटी स्कॅन नॉर्मल, खो-खोच्या खांबावर डोकं आपटून तीन आठवडे झाले, तरी मैदानाला दोन फेऱ्या मारल्या की गरगरतं. आई म्हणते झोपून राहा, सर म्हणतात घाम गाळ. दोघांवर चिडू नकोस, पण दोघांचंही ऐकू नकोस.

स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, मोडलेलं हाड दिसतं. मेंदूला बसलेला हादरा बहुतेक वेळा दिसत नाही. मीही ‘नॉर्मल’चा अर्थ ‘खेळ’ असा काढला होता. आठव्या दिवशी उतरले, सूर मारून गडी टिपला, आणि पुढच्याच मिनिटाला पाठीमागून द्यायचा खो मुलीच्या तोंडासमोर जाऊन दिला. लोक हसले. मग सहा आठवडे पडदे ओढून अंधारात पडून राहिले, कारण तेव्हा तोच सल्ला मिळायचा. उठले तेव्हा जिना चढताना धाप लागत होती.

म्हणून सांगते, उद्या पुन्हा करता येईल एवढंच आज करायचं.

हे माझ्या मनातलं नाही. 2022 मध्ये अॅमस्टरडॅमला खेळातल्या मेंदूच्या दुखापतींचे तज्ज्ञ जमले, त्यांनी म्हटलंय की पहिले 24 ते 48 तास बेताची विश्रांती, मग हलका व्यायाम. तू 18 वर्षांची. 220 मधून 18 वजा केले की 202, ही तुझ्या नाडीची अंदाजे कमाल. त्याच्या 55 टक्के म्हणजे नाडी साधारण 110: चालणं किंवा जागच्या जागी सायकल. ते पचलं की 70 टक्के, म्हणजे 140. सुरू करण्याआधी डोकेदुखीला दहापैकी गुण दे. व्यायामात ते दोनपेक्षा जास्त वाढले तर थांब. थोडे वाढून तासाभरात उतरले तर घाबरू नकोस. व्यायामाची पुढची पायरी गाठायला किमान एक दिवस जाऊ दे. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, हातापायात कमजोरी आली तर मला मेसेज करत बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ.

सरळ चालणं जमलं म्हणून लगेच नागमोडी धाव घेऊ नकोस. आपल्या खेळात मान वळते, डोळे वळतात, पाय तिसरीकडेच जातात, तिथेच गरगरतं. आणि सूर? सगळी लक्षणं गेल्यावर, डॉक्टरांनी लेखी दिल्यावर. त्याआधी विचारायचंसुद्धा नाही. निवड चाचणी आहे, माहीत आहे मला! माझीही होती. बदली मुलगी नव्हती, सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या जागी तूही उतरली असतीस. मी मूर्ख नव्हते, हट्टी होते. त्याच हट्टाने पुढे आठ महिन्यांनी परत उभी राहिले, हेही लक्षात ठेव. पण तोच हट्ट आधी रोज वीस मिनिटं चालायला वापरला असता तर आठ महिने गेले नसते.

उद्या पुन्हा करता येईल एवढंच आज. कंटाळा येईल. येऊ दे.

वही कर. किती मिनिटं, नाडी किती, आधीचे आणि नंतरचे गुण, रात्री झोप कशी लागली. रविवारी फोटो पाठव. आकडे खरे लिही. ‘काही दुखत नाही’ हे वाक्य मी तुझ्यापेक्षा जास्त वेळा बोललेय, मला लगेच ओळखू येतं.

तुझी ताई