प्रायव्हेट पायलटला कोणत्या देशात जास्त मोकळीक असते? भारतातले नियम जाचक आहेत का?

सोलापूरचा आहे, पीपीएल (प्रायव्हेट पायलट लायसन्स) आहे, आणि नेमका हाच प्रश्न घेऊन आमचे साडू कायम माझं डोकं खातात, म्हणून लिहितो.

साडू व्हर्जिनियात असतात, लायसन्स त्यांच्याकडंही आहे. इथं आले की सुरू: "तुमच्यात काय राव, उडायचं म्हटलं तरी एअरफोर्सला विचारा. आणि तुमची ती चिमणी!" सोलापूर विमानतळावर विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 2023 मध्ये पाडली, तरी पालुपद चालूच. मी तिकडं गेलो तर मुद्दाम सेसनात, म्हणजे छोट्या विमानात, बसवून नेलं. इंजिन सुरू केलं, रेडिओवर स्वतःच पोझिशन सांगितली आणि निघाले. मी आपला पेन काढून बसलेलो! आपल्याकडं बाहेरगावी उडायचं तर फ्लाइट प्लॅन भरा, एडीसी (एअरफोर्सची परवानगी) आणि एफआयसी (फ्लाइट इन्फर्मेशन सेंटर) नंबर घ्या, मांडीवर बांधलेल्या नीबोर्डवर लिहा, मग निघा. हाताला तीच सवय. साडूंना हसू आवरेना.

वर गेल्यावर म्हटलं, "चला, वॉशिंग्टन दाखवा वरनं." तोंड बघण्यासारखं झालं. वॉशिंग्टनभोवती 30 नॉटिकल मैलांच्या आत शिरायचं तर आधी फ्लाइट प्लॅन, ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर) दिलेला कोड, कंट्रोलरशी बोलणं, सगळं आलं. 60 मैलांच्या आत व्हीएफआर, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघत, उडायचं तर वेगळं ट्रेनिंगही लागतं. साहेबांनी प्लॅन भरलेला नव्हता. निमूट डावीकडं वळवलं.

9/11 नंतर त्यांनी हे केलं ते शहाणपण, आणि 1995 मध्ये जिथं पुरुलियात विमानातून शस्त्रं टाकली गेली, त्या देशात एअरफोर्सनं कोण उडतंय विचारलं की तो जाच?

असो. तुमचं उत्तर: मोकळीक अमेरिकेतच जास्त, यात वाद नाही. तिकडं आणि ब्रिटनमध्ये क्लास जीत, म्हणजे कंट्रोलरच्या ताब्यात नसलेल्या हवाई हद्दीत, साधारणपणे फ्लाइट प्लॅन लागत नाही, रेडिओसुद्धा सक्तीचा नाही. रात्री उडायला अमेरिकेत पीपीएल पुरतं, ब्रिटनमध्ये नाइट रेटिंग काढावं लागतं. भारतात फ्लाइंग क्लबच्या ट्रेनिंगसारखे अपवाद सोडले तर अंधार पडल्यावर व्हीएफआर बंद.

एक मात्र कबूल, नंबर यायला कधीकधी इतका उशीर होतो की एप्रिलच्या उन्हात कॉकपिटची भट्टी होते. पण ती तक्रार उशिराची आहे, विचारण्याची नाही. आणि नियम बदलत असतात, उडण्याआधी त्या त्या देशाचं एआयपी, म्हणजे उडण्याच्या नियमांचं सरकारी पुस्तक, उघडून बघा. साडूंनी ते शेवटचं कधी उघडलं होतं, देव जाणे.