बरणीवर एक ऑर्डर, नेटवर दुसरी

प्रश्न: सर नमस्कार, मी खानापूरचा, बीएस्सी सेकंड इयरला आहे. दिवाळीच्या सुट्टीत शिरोड्याच्या बीचवरून बारक्या शिंपल्या आणल्या, नखाएवढ्या, पाचरीसारख्या तिरक्या, कुठली जांभळी कुठली पिवळट. कॉलेजातल्या बरणीत अगदी तसलीच शिंपली आहे, वर लिहिलंय डोनॅक्स, ऑर्डर वेनेरॉइडा. नेटवर बघितलं तर कार्डिडा! प्रॅक्टिकलला काय लिहू? रंगावरून चार जाती धरायच्या काय? आणि आमच्या मलप्रभेतल्या शिंपल्या पण ह्याच घराण्यातल्या काय हो?

उत्तर: बरणी खोटी नाही, जुनी आहे. ऑर्डर म्हणजे बऱ्याच फॅमिली एकत्र धरणारा मोठा गट. पूर्वी तिसऱ्या, डोनॅक्स आणि अजून कितीतरी शिंपले वेनेरॉइडा नावाच्या एका भल्यामोठ्या ऑर्डरीत कोंबलेले होते, नंतर डीएनए तपासायला लागल्यावर कळलं की ही सगळी एका मूळपुरुषाची लेकरं नव्हेतच, मग ती ऑर्डर फोडली, डोनॅक्स कार्डिडात गेली आणि आपण बेळगावच्या कॅम्पातल्या फिश मार्केटात घेतो त्यातली मेरेट्रिक्स वेनेरिडात राहिली. फॅमिली मात्र तेव्हाही डोनॅसिडी, आताही डोनॅसिडीच. ऑर्डरीच्या वरच्या गटाचं, वर्गाचंही असंच, माझ्या वेळच्या पुस्तकात पेलेसिपोडा होतं, आता बायव्हाल्व्हिया म्हणतात, प्राणी तोच. तुम्ही कार्डिडा लिहा आणि पुढं 'पूर्वी वेनेरॉइडा' असं जोडा, म्हणजे तपासणारे जुने असोत की नवे, मार्क कापायला जागा नको.

रंगाच्या नादाला तर लागूच नका. ह्या कुळात एकाच जातीत पांढरी, जांभळी, पट्ट्यांची अशी सगळी भावंडं निघतात, अमेरिकेतल्या एका जातीला १८२२ मध्ये थॉमस से या शास्त्रज्ञांनी नावच व्हेरिअॅबिलिस दिलं, म्हणजे बदलणारी! त्यापेक्षा शिंपली उघडून आत बघा. दोन झडपा जोडणारी तपकिरी चिवट पट्टी असते ना, लिगामेंट, ती मागच्या अंगाला असते आणि बहुतेक शिंपल्यांत तेच अंग लांब असतं, डोनॅक्समध्ये उलटं, मागचं अंगच आखूड, म्हणून ती पाचर दिसते. आतल्या बाजूला एक पुसट रेघ जाते आणि मागच्या अंगाला खिशासारखी आत वळते, तो खिसा खोल असला की समजायचं प्राण्याच्या नळ्या लांब आहेत, वाळूत गाडून घेऊन वर पाणी ओढणारा. मग बिजागरीचे दात भिंगाखाली बघायचे, जात ठरते ती असल्या खुणांवर, आणि ते तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून मला जमणार नाही. आपल्या किनाऱ्यावर डोनॅक्स क्युनिएटस मिळते, क्युनिएटस म्हणजे पाचरीसारखी, पण तुमची तीच आहे असं मी बसल्याजागी ठोकून देणार नाही.

नाव लिहिताना एक गंमत बघा, जातीच्या नावापुढं ते देणाऱ्याचं नाव आणि साल लिहितात. डोनॅक्स क्युनिएटसपुढं लिनीयस, १७५८ हे कंसाबाहेर असतं आणि मेरेट्रिक्स कास्टापुढं ग्मेलिन, १७९१ हे कंसात. कंस आला की समजायचं, बारसं एका जिनसमध्ये (नावातला पहिला शब्द) झालं आणि नंतर घर बदललं. लेबल लिहिणारे हा कंस हमखास खातात.

मलप्रभेतल्या शिंपल्या? वर्ग एकच, बायव्हाल्व्हिया, पण नदीतल्या लॅमेलिडेन्स नावाच्या शिंपल्यांची ऑर्डर युनिओनिडा, लांबचे पाहुणे म्हणा. त्यांची पिल्लं माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, डोनॅक्सची समुद्राच्या पाण्यात मोकळी तरंगतात.

पुढच्या वेळी दोन्ही झडपा जोडलेली, न फुटलेली आणा, आणि डब्यात गाव-तारखेची चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून टाका, शाई ओलीत उतरते.