‘आईसारखी मास्तरीण व्हायचंय’

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पंचवटीतून रोज पेठ तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत जाता, नोकरीला बावीस वर्षं झाली. लेक बारावी सायन्सला, गणितात चांगली, आणि तिला डी.एल.एड. ही शिक्षणाची पदविका करून प्राथमिक शिक्षिकाच व्हायचंय. तुम्ही लिहिता, ‘हिला इंग्रजी माध्यमात घातलं, ते काय परत पाड्यावरच्या शाळेत पाठवायला?’

तुमचा वैताग कळतो. तांदूळ मोजा, फोटो टाका, मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. यातली ‘निवडणूक’ किती ताणली जाते, ते मी तुम्हाला काय सांगणार! तुमच्याकडे पहिली ते चौथीची ३८ मुलं आणि दोन शिक्षक. साठ मुलांपर्यंत कायद्याला दोन शिक्षक पुरतात, म्हणजे कागदावर सगळं बरोबर. नियम डोकी मोजतो, वर्ग मोजत नाही. पहिलीला अक्षरं गिरवायला बसवून त्याच खोलीत तिसरीचा भागाकार घ्यायचा, हे त्या हिशेबात कुठेच येत नाही.

पण हे काम लेकीला जमेल का, याचं उत्तर तुम्हीच शेवटी जाता जाता लिहून गेलात. ती एक दिवस तुमच्या शाळेत आली होती. तिसरीतली एक पोर ‘बत्तीस वजा सात’ला अडली. लेकीने दहा काड्यांच्या गठ्ठ्याचं रबर काढलं, काड्या तिच्या ओंजळीत दिल्या, ‘आता मोज’ म्हणाली आणि गप्प बसली. ते गप्प बसणं मला फार मोलाचं वाटतं. भल्याभल्या शिक्षकांना ते जमत नाही. मला अजूनही जमत नाही, घरचे सांगतील.

आता व्यवहाराचं. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर डी.एल.एड.च. ‘आधी बी.एड. कर, मग बघू’ असा सल्ला नातेवाईक देतील. ऑगस्ट २०२३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्राथमिकसाठी बी.एड. चालत नाही. डी.एल.एड. दोन वर्षांचं, त्यानंतर टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी आणि शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ, पवित्र पोर्टल. खरी मेख इथे आहे. ही अभियोग्यता चाचणी २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. पुढची कधी, यावर कुणी घराचा हप्ता ठरवू नये. निवड झालीच तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, मानधन १६,००० रुपये, आणि जिल्हा नाशिकच मिळेल याची खात्री नाही. म्हणून डी.एल.एड.नंतर थांबू नका. गणित घेऊन पदवी करू द्या, म्हणजे सहावी ते आठवीचं दारही उघडं राहतं.

पदविकेचा अर्ज भरण्याआधी एक करा. बारावीची परीक्षा संपली, की तुमची शाळा सुरू असेपर्यंत मुख्याध्यापकांच्या परवानगीने तिला रोज सोबत न्या. एका दुपारी काड्या सोडणं सोपं असतं. महिनाभर पहिली-दुसरी सांभाळू दे, पोषण आहाराची वहीही तिच्यासमोरच भरा. नंतरही ‘हेच करायचंय’ म्हणाली तर अडवू नका.

आणि ताई, स्वतःबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५च्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितलंय. तुमची बारा वर्षं बाकी आहेत. बावीस वर्षं शिकवल्यावर परीक्षा, हा अपमान वाटतो हे मान्य. तरी संघटनेच्या भरवशावर थांबू नका, टीईटीच्या पेपर एकची, म्हणजे पहिली ते पाचवीच्या शिक्षकांच्या पेपरची, तयारी सुरू करा. दीडशे प्रश्नांतले तीस बालमानसशास्त्राचे. तेवढे लेकीला सोबत घेऊन सोडवा. उत्तरं तिला तपासू द्या.