मिस्टर गप्प झालेत, त्याबद्दल

ताई, मिस्टरांचं वय ६४, प्रोस्टेट कॅन्सर, हार्मोनचं इंजेक्शन लागून महिना झाला, रेडिएशन व्हायचंय, आणि ते तुमच्यापासून लांबच बसतात. "माझं काही चुकतंय का?" असं विचारलंय तुम्ही. नाही हो. आमच्याकडे हेच झालं होतं.

ते इंजेक्शन शरीरातलं टेस्टोस्टेरॉन जवळजवळ बंद पाडतं. कॅन्सरच्या पेशी त्याच्यावरच पोसल्या जातात, म्हणून द्यावं लागतं. पण त्यापायी झोप, ताकद, मूड आणि नवरा-बायकोतली इच्छा, सगळंच उतरतं. आम्हाला तर "थोडी गरमी वाटेल" एवढंच सांगितलं होतं. हे हॉलमध्ये दिवाणावर झोपायला लागले. मला वाटलं, रुसले. दोन महिने मी मनात कुढले.

मे महिना, नागपूरचा. एका रात्री पाहते तर कूलर सुरू असूनही हे उभे राहून बनियन पिळताहेत, चेहरा लालबुंद. मानेवर ओला नॅपकिन ठेवत मी म्हटलं, "माझी पाळी जाताना मला हेच व्हायचं, तेव्हा तुम्ही म्हणायचे, खिडकी उघड." कितीतरी दिवसांनी हसले. मग हळूच म्हणाले, "मी आता तुझ्या काही कामाचा नाही राहिलो, असं वाटून राहिलं." मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण दिवाण दुसऱ्या दिवसापासून रिकामा झाला.

समोर बसवून "बोला ना" करू नका. चालायला न्या. आम्ही अंबाझरी तलावावर जायचो. शेजारी चालताना एकमेकांच्या डोळ्यात बघावं लागत नाही, माणूस बोलतो. या इंजेक्शनात हाडं, स्नायू कमजोर होतात, त्यालाही चालणं चांगलंच. घामावर आणि उदासीवर औषधं असतात, कॅल्शियम आणि हाडांच्या तपासणीचंही विचारा. ते स्वतः डॉक्टरांना सांगणार नाहीत, तुम्हीच सांगा. जगण्याचा कंटाळा आला असं कधी बोलले, तर त्याच दिवशी फोन करा.

रेडिएशनला बहुतेक ठिकाणी पोट साफ आणि लघवीची पिशवी भरलेली लागते, म्हणजे आतडी किरणांपासून दूर राहतात. त्या दिवसांत तर्री-पोहे बंद, तर्रीतल्या चण्याने गॅस होतो. पाणी पिऊन बसायचं आणि नेमकी मशीन उशिरा. एकदा ह्यांना धरवेना, बाथरूमला जाऊन आले आणि पुन्हा पहिल्यापासून पाणी. डोळ्यात पाणी आलं होतं ह्यांच्या. सोबतच्या बॅगेत एक जास्तीची पँट ठेवा, त्यांना न सांगता.

पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले योजनेचे आरोग्यमित्र त्या योजनेतल्या दवाखान्यातच बसतात, आधी त्यांना भेटा. नातेवाईकांना "उपचार सुरू आहेत" एवढं पुरे. आमच्याकडे तर काढ्यांच्या बाटल्यांची रांग लागली होती!

आणि बायोप्सीच्या कागदावर ग्लिसन म्हणून आकडा असतो, आजार किती जोराचा ते सांगणारा. तो ७ असेल तर ३+४ आहे की ४+३, ते बघून घ्या. बेरीज एकच, पण ४ आधी असेल तर आजार जास्त जोराचा धरतात. इंजेक्शन किती दिवस, हे अशाच गोष्टींवरून ठरतं. कोणाला सहा महिने, कोणाला दोन-तीन वर्षं. तो आकडा डॉक्टरांकडून मिस्टरांच्या समोरच वदवून घ्या. आमच्या ह्यांनी तो ऐकला आणि घरी येऊन कॅलेंडरवर स्वतः खुणा केल्या.