बागेतून पडलेली वाट

प्रश्न : मी अमळनेरला एकटी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त. यजमान चार वर्षांपूर्वी गेले, मुलगा पुण्याला नोकरीत. २००७ साली आम्ही हे घर बांधलं. घरामागे दीडेक गुंठ्याची बाग आहे. लिंबू, दोन जांब, एक सीताफळ, गोडनिंब, जास्वंद, मोगरा आणि कोपऱ्यात मोठा निंब. मागच्या बाजूला तारेचं कुंपण. त्याची एक तार फार पूर्वी तुटली, ती तुटलीच राहिली. मागच्या गल्लीतल्या लोकांना रस्त्यावर यायला तिथून जवळ पडतं, म्हणून ते बागेतून ये-जा करतात. पहाटे पाचला कुणी ना कुणी पिशवी घेऊन जास्वंदापाशी उभं असतं. सुरुवातीला मीच मागच्या आत्यांना म्हटलं होतं, देवाला फुलं नेत जा. आता आत्या नाहीत, पण त्यांच्या सुना येतात, सुनांच्या मैत्रिणी येतात. यंदा चैत्रात एका दुपारी लिंबाचं झाड रिकामं झालं. आठ दिवसांनी एका वहिनींनी मला लिंबाच्या लोणच्याची वाटी आणून दिली. परवा दुपारी जरा आडवी झाले होते, तर मागच्या दाराशी अनोळखी माणूस उभा. कुणाकडे तरी आलेला पाहुणा, वाट चुकला म्हणाला. त्या रात्री मला झोप लागली नाही. मागच्या नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "वीस वरीस व्हई गयात मॅडम, ती वाट आते आम्हनी शे." मुलगा म्हणतो कॅमेरा बसव, पोलिसांत तक्रार दे. पण रात्री छातीत दुखलं तर तो पुण्याहून पोचेपर्यंत हीच माणसं धावून येणार. वाट बंद करता येईल का? आणि केली तर मी वाईट ठरेन का?

उत्तर : ताई, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. ठराल. आठ-पंधरा दिवस ठराल, मग कानबाईच्या सणाचं आमंत्रण येईल आणि विषय मागे पडेल. तेवढी तयारी ठेवा.

तुमचं पत्र वाचताना मी लोणच्याच्या वाटीपाशी थांबलो. आपल्याच लिंबांचं लोणचं आपल्याला भेट म्हणून येतं, याला हसावं की चिडावं? पण मला त्या वाटीत एक गोष्ट दिसली. वहिनींना आपण चोरी केली असं वाटतच नाही. वाटलं असतं तर वाटी आली नसती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता नानांचं बोलणं, की वीस वर्षं झाली, वाट आता आमची आहे. हक्काची वाट म्हटलं की लोक 'बारा वर्षं' म्हणतात. ती बारा वर्षं कब्जाची, १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातली. दुसऱ्याची जमीन उघडपणे, मालकाला न जुमानता ताब्यात ठेवली तर ती लागू होतात. येण्या-जाण्याला कब्जा म्हणत नाहीत. नाना वीस म्हणाले, म्हणजे त्यांना कुणी जाणत्याने सांगितलेलं दिसतं. १८८२ चा इझमेंट ॲक्ट आहे, आपल्याकडे लोक त्याला वहिवाटीचा कायदा म्हणतात. त्याच्या १५ व्या कलमात वीस वर्षं आहेत. एखादी वाट वीस वर्षं शांततेने, उघडपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून वापरली, तर तो हक्क कायम होऊ शकतो. जवळची वाट आहे की लांबची, याने त्यात फरक पडत नाही. तुम्ही २००७ धरा आणि बोटं मोजा. घाबरवत नाही, पण पत्र दोन वर्षं उशिरा आलं असतं तर उत्तराचा सूर वेगळा असता.

मात्र 'हक्क म्हणून' या दोन शब्दांवर सगळा मामला उभा आहे. मालकाच्या परवानगीने जो येतो, तो हक्काने येत नाही. परवानगीने पन्नास वर्षं आलात तरी ती परवानगीच राहते आणि मालकाला ती काढून घेता येते. तुम्ही आत्यांना म्हणालात ना, फुलं नेत जा? ते वाक्य तुमचं सगळ्यात जुनं कुंपण आहे, तारेच्या आधीचं. दुर्दैवाने ते फक्त आत्यांना सांगितलेलं, फक्त फुलांबद्दल, आणि कागदावर नाही. त्यांच्या सुना काय समजून येतात, कुणाला ठाऊक. तुम्ही एवढी वर्षं गप्प राहिलात. मला तुमच्या शेजाऱ्यांपेक्षा त्या गप्प राहण्याची जास्त काळजी वाटते. त्यातून समोरच्याला वाटतं की बाईंची हरकत नाही, आणि पुढे वाटतं की बाईंचा संबंधच नाही.

मी आयुष्यभर जमिनीची मोजणी केली. ३३ फुटी साखळी आणि प्लेन टेबल घेऊन रावेरच्या केळीत फिरलो, साक्रीच्या माळावरही फिरलो, म्हणून हिशेब त्याच मापाने करतो. तीन फुटांची पायवाट ३३ फूट चालली की ९९ चौरस फूट गेले. सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर ते तुमच्याच नावे राहतात, पण हक्क शाबीत झाला तर त्यावर खोली काढता येत नाही, झाड लावता येत नाही, फाटकाला कुलूप लावता येत नाही. जमीन तुमची आणि पाय त्यांचे.

पोलिसांचं म्हणाल तर मुलाला सांगा, एवढ्यात नको. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्या ३२९ व्या कलमात बेकायदा प्रवेश येतो. नुसतं आत पाऊल टाकणं पुरत नाही. गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. तो शाबीत झाला तर उघड्या जागेसाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, राहत्या घरात शिरल्यास वर्षापर्यंत कैद. पाच वाजता देवासाठी फुलं तोडणाऱ्या बाईचा हेतू कुठला ठाणेदार लिहून घेईल?

लिंबांची गंमत वेगळी आहे. झाडावरचं लिंबू जमिनीचा भाग मानतात, तोडलं की ती जंगम वस्तू होते आणि त्या क्षणापासून तिची चोरी होऊ शकते. पण चोरीच्या कलमाखाली कायद्याने स्वतःच एक उदाहरण दिलंय. मित्राच्या ग्रंथालयातून, तो नसताना, वाचून परत करायचं म्हणून कुणी पुस्तक नेलं. मित्राची मूक संमती आहे असं त्याला वाटलेलं असू शकतं, आणि तसं असेल तर ती चोरी नाही. तुमच्या वहिनी नेमक्या त्या ग्रंथालयात आहेत. लोणच्याची वाटी हाच त्यांचा पुरावा. तुम्ही स्पष्ट 'नको' म्हटल्यावर मात्र हे सगळं पालटतं. त्यानंतर कुणी आलं तर मूक संमतीची सबब उरत नाही.

माझा सल्ला तुम्हाला उलटा वाटेल. वाट बंद करायच्या आधी ती उघडपणे द्या.

लहान होतो तेव्हाचं सांगतो. आमच्या घराच्या आवारात निंब होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या सासुरवाशिणी माहेरी यायच्या आणि झोका बांधायला आमचाच निंब लागायचा. दरवर्षी आदल्या दिवशी वडील स्वतः दोर काढून वट्ट्यावर ठेवायचे आणि पहिली जी पोर येईल तिला म्हणायचे, "दोर लई जा व माय, पन सांगीसन जाय." दोर त्यांच्याकडेही असायचा की! आईला वाटायचं, ही म्हाताऱ्याची मिजास. मलाही तसंच वाटे. खात्यात लागल्यावर, वाटेच्या भांडणांचे कागद चाळताना कळलं की वडील, शाळेची पायरी न चढलेला माणूस, दरवर्षी एकदा परवानगीचं नूतनीकरण करत होते.

तेच तुम्ही करा, फक्त कागदावर. एका साध्या पत्रात लिहा की माझ्या खाजगी बागेतून मी तुम्हाला शेजारधर्म म्हणून जाऊ देते, ही माझी परवानगी आहे, ती मी केव्हाही काढून घेऊ शकते, आणि अमुक तारखेपासून वाट बंद राहील. मुदत ऐसपैस द्या, दोन-तीन महिने. मागच्या गल्लीतल्या प्रत्येक घरी स्वतः जा, रिकाम्या हाताने नको, आणि आपल्या प्रतीवर सही घ्या. नानांच्या घरी सगळ्यात आधी. त्यांनी सही दिली तर 'आम्हनी शे' तिथेच संपलं. नाही दिली तर स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा आणि मग वकिलाकडे जा, कारण तेव्हा हक्काचा दावा समोर आला असं समजायचं आणि मनाई हुकमाचा दावा तुम्ही आधी लावलेला बरा. कुणी सुचवेल की वर्षातून एक दिवस कुलूप लावा म्हणजे खंड पडतो. तसं नाही. आपल्या कायद्यात अडथळा समोरच्याला कळल्यावर त्याने तो वर्षभर सोसला, तरच तो खंड धरतात.

भिंत घालायची घाई करू नका. तुटलेली तार म्हणजे हद्द, असं कुणी सांगितलं? बांधकामाच्या वेळी गवंड्याने सोयीने ठोकलेले अँगल असतात ते. पारोळा तालुक्यात एकाने शेजाऱ्याचा गोठा आपल्या जागेत आहे म्हणून तातडीची मोजणी लावली. फी भरली, पंच बसले, भर मे महिन्यात आम्ही दुपारपर्यंत मोजलं. निघालं काय, तर अर्जदाराचीच न्हाणी दोन फूट शेजाऱ्यात. शेजारी हसला नाही. घरात गेला आणि त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला. ती न्हाणी मी निवृत्त होईपर्यंत तिथेच होती.

म्हणून आधी भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज द्या. लगतच्या धारकांना खात्याकडून नोटीस जाते, त्यामुळे नानाही हजर राहतील आणि खुणा त्यांच्यासमोर पडतील. आता उपग्रहाच्या मदतीने मोजणारे रोव्हर आलेत, आमच्यासारखा घाम गाळावा लागत नाही. नकाशाची 'क' प्रत हातात आली की कुंपण त्या खुणांवर घ्या. काटेरी तार चालेल, मेंदी किंवा करवंद लावलं तर छानच. तारेत वीज सोडायचं कुणी सुचवलं तर त्याला चहाही देऊ नका. डुकरांसाठी सोडलेल्या करंटने माणसं गेलीत आणि शेतमालक आत गेलेत.

त्या कुंपणात एक लहान फाटक ठेवा, कडी आतून, पण बाहेरून किल्लीने उघडेल अशी. ही माझी सूचना तुमच्या मुलाला आवडणार नाही. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की रात्री धावून येणारी माणसं मागच्या गल्लीत आहेत. त्यांनी पुढून वळसा घालून यावं इतकी भिंत मला तुमच्या घरामागे नकोय. फाटकाची एक किल्ली त्या लोणचंवाल्या वहिनींकडे ठेवा. हो, त्यांच्याचकडे. चिठ्ठी लिहून द्या की ही अडीअडचणीसाठी, वाटेसाठी नव्हे. कॅमेरा बसवा, त्याचं तोंड आपल्या अंगणाकडे आणि मागच्या दाराकडे ठेवा, कुणाच्या खिडकीकडे नको. दुपारच्या अनोळखी पाहुण्याचा बंदोबस्त कडी आणि कॅमेरा मिळून करतील. त्या प्रसंगात तुमची भीती अगदी रास्त होती, तिथे शेजारधर्म आड आणायचं कारण नाही.

फुलांचं तुम्ही ठरवा. द्यायची इच्छा असेल तर पहाटे परडी पुढच्या गेटला अडकवा. इच्छा नसेल तर अडकवू नका, देवाच्या नावाखाली कुणाचीही फुलं कुणाची होत नाहीत. लिंबं मात्र यंदा मोजून तोडा आणि लोणचं आधी तुम्ही घाला.

प्रश्न : आम्ही गल्लीत क्रिकेट खेळतो. चेंडू शेजारच्या आजींच्या बागेत जातो. त्या देत नाहीत. आतापर्यंत पाच चेंडू झाले. भिंतीवरून उडी मारून आणले तर चालेल का? (इयत्ता सातवी, चोपडा)

उत्तर : भाऊ, चेंडू तुझाच आहे. आजींच्या बागेत पडला म्हणून त्यांचा होत नाही, आणि मागितल्यावर त्यांनी द्यायला हवा. बाग मात्र आजींची आहे, आणि चेंडू आत गेला म्हणून तूही आत जावं असं होत नाही. पाच चेंडू साठले म्हणजे त्याआधी काहीतरी फुटलेलं असणार. सगळ्यांनी मिळून पुढच्या दाराने जा, बेल वाजव, आणि कुंडी कुणी फोडली ते आधी सांग. चेंडू नंतर माग. आणि लेग साइडला आजींचं घर येत असेल तर स्टंप दुसऱ्या टोकाला लावा.